‘पगार’ किती जणांना मिळतो? आधी आपल्याच घाटावर मोजूया



कारंजा धरण असो, चुळकी नाला असो, आळंदकडची अमरजा असो की अफजलपूरकडचा भीमेचा काठ. सकाळी जाळी काढून झाली, माल तोलून झाला आणि चार म्हातारी माणसं चहाला टेकली, की एक प्रश्न हमखास निघतो. “तुझा पगार आला का रं?” आपल्या भागात पेन्शन कुणी म्हणत नाही. म्हातारपणाचा पगार, विधवेचा पगार, अपंगाचा पगार असंच म्हणतात. आयुष्यभर ज्याला कुणी महिन्याचा पगार दिला नाही, त्याला म्हातारपणी सरकार देतं, म्हणून तो पगार.

त्यावरून दुसरा प्रश्न निघतो आणि तिथे वाद होतो. एक म्हणतो, “सगळ्यांनाच मिळतो की, आपणच मागे राहिलो.” दुसरा म्हणतो, “कुठं मिळतो? कागदावर असतो नुसता.” दोघांचंही थोडं खरं, थोडं खोटं. म्हणून आजच्या पाठात हेच शिकू: हे पगार नेमके किती जणांना मिळतात, तो आकडा कसा वाचायचा, आणि आपल्या सोसायटीतला आकडा कसा काढायचा.

१. ‘मिळतो’ म्हणजे काय? तीन वेगळे आकडे

जाळं टाकलं तेव्हा पाण्यात किती मासे होते, जाळ्यात किती आले आणि बाजारात किती किलो विकले, हे तीन आकडे कधी सारखे असतात का? नसतात. पगाराचंही तसंच आहे.

पहिला आकडा: नियमात बसणारे, म्हणजे पात्र लोक.
दुसरा आकडा: ज्यांचा अर्ज मंजूर झाला, यादीत नाव आहे असे लोक.
तिसरा आकडा: ज्यांच्या खात्यात या महिन्यात खरोखर पैसे पडले असे लोक.

पेपरात येतो तो बहुतेक वेळा दुसरा आकडा. घरात चूल पेटते ती तिसऱ्यावर. आणि पहिला आकडा कुणी दारोदार जाऊन मोजलेला नसतो. हे तीन डोक्यात ठेवा, पुढचं सगळं सोपं जाईल.

२. दिल्लीचा आकडा

राज्यघटनेच्या कलम ४१ मध्ये म्हटलं आहे की म्हातारपण, आजारपण आणि अपंगत्व यात राज्याने आपल्या ऐपतीप्रमाणे माणसाला साहाय्य करावं. त्या आधारावर केंद्राचा राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाला. आज त्यात मुख्य भाग असे:

• वृद्धांसाठी (इंदिरा गांधी वृद्धाप्य योजना): ६० ते ७९ वयाला केंद्राचे महिना २०० रुपये, ८० नंतर ५०० रुपये.
• विधवांसाठी: ४० ते ७९ वयाला महिना ३०० रुपये.
• अपंगांसाठी: १८ ते ७९ वय आणि ८० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर महिना ३०० रुपये.
• घरचा कमावता माणूस १८ ते ५९ या वयात गेला तर कुटुंबाला एकदाच २०,००० रुपये.

हे सगळं दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांसाठी. २०० रुपयांचा आकडा २००७ पासून हललेला नाही. तेव्हा रोहू किती रुपये किलो होता आणि आज किती आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता संख्या. देशभरात या कार्यक्रमात साधारण ३ कोटी ९ लाख लाभार्थी धरलेले आहेत, त्यात वृद्ध सुमारे २ कोटी २१ लाख. ही केंद्राने ठरवलेली कमाल मर्यादा आहे आणि ती जुन्या, म्हणजे २००१ च्या, जनगणनेच्या लोकसंख्येवरून बांधलेली आहे. २०११ च्या जनगणनेत देशात ६० वर्षांवरचे लोक १० कोटी ३८ लाखांच्या आसपास होते. म्हणजे तेव्हाच्या पाच वृद्धांमागे साधारण एकालाच केंद्राचे पैसे. सगळे वृद्ध गरीब नसतात हे मान्य. पण पिंप भरलं म्हणून तळ्यातला मासा संपला असं होत नाही. पिंप तेवढंच होतं, एवढाच त्याचा अर्थ.

३. बंगळुरूचा आकडा

कर्नाटक सरकार केंद्राच्या पैशात आपली भर घालतं आणि केंद्राच्या यादीबाहेरच्यांनाही स्वतःच्या पैशातून देतं. आपल्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची योजना म्हणजे २००७ मध्ये सुरू झालेली संध्या सुरक्षा. वय ६५ च्या पुढे हवं. कुणासाठी? लहान शेतकरी, शेतमजूर, विणकर, असंघटित कामगार आणि मच्छीमार. हो, नियमात मच्छीमार हा शब्द स्पष्ट आहे. तरी आपल्यातले कितीतरी जण अर्जात धंद्याच्या जागी ‘मजूर’ लिहून मोकळे होतात. आपला धंदा लिहायला लाजू नका. सोसायटीचं सभासद कार्ड हा आपल्या धंद्याचा कागद आहे.

२८ जुलै २०२१ रोजी मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी शपथ घेतली त्याच दिवशी पगारवाढ जाहीर केली. संध्या सुरक्षा १००० वरून १२०० रुपये, विधवा वेतन ६०० वरून ८०० रुपये, आणि ४० ते ७५ टक्के अपंगत्व असलेल्यांचं वेतनही ६०० वरून ८०० रुपये. त्या वेळी सरकारने दिलेले लाभार्थ्यांचे आकडे असे:

• संध्या सुरक्षा: ३५ लाख ९८ हजार
• विधवा वेतन: १७ लाख २५ हजार
• ४० ते ७५ टक्के अपंगत्व: ३ लाख ६६ हजार

असा आकडा खरा की फेकलेला, हे तपासायची एक सोपी रीत आहे. वाढ महिना २०० रुपये, म्हणजे वर्षाला २४०० रुपये. ३५.९८ लाख गुणिले २४०० केले की ८६३ कोटी ५२ लाख रुपये येतात. सरकारने संध्या सुरक्षेसाठी जादा खर्च सांगितला होता तोही एवढाच. म्हणजे यादीतली डोकी धरूनच हिशेब मांडला होता. पण लक्षात ठेवा, हा आपला दुसरा आकडा: मंजूर यादीचा. प्रत्येकाच्या खात्यात त्या महिन्यात पैसे पडले का, हे त्यात कळत नाही.

आता आपल्या दोन जिल्ह्यांकडे या. २०११ च्या जनगणनेत बीदरची लोकसंख्या १७ लाख ३ हजार आणि कलबुर्गीची २५ लाख ६६ हजार होती. कर्नाटकात तेव्हा ६० वर्षांवरचे लोक साधारण साडेनऊ टक्के होते. हीच सरासरी लावली तर बीदरमध्ये सुमारे १ लाख ६० हजार आणि कलबुर्गीत सुमारे २ लाख ४० हजार वृद्ध येतात. हा आपला अंदाज आहे, सरकारी मोजणी नाही, आणि तो पंधरा वर्षं जुन्या लोकसंख्येवर आहे. पण प्रश्न किती मोठा आहे ते यावरून कळतं. दोन जिल्ह्यांत मिळून चार लाख म्हातारी माणसं, आणि त्यातला प्रत्येकजण कुणाच्या तरी घरात खाटेवर बसलेला.

४. अपंगांचा आकडा सगळ्यात गुंतागुंतीचा का?

२०११ च्या जनगणनेत कर्नाटकात १३ लाख २४ हजार अपंग नोंदले गेले. राज्याच्या लोकसंख्येच्या जवळजवळ सव्वादोन टक्के. ही सरासरी लावली तर बीदरमध्ये ३७ हजार आणि कलबुर्गीत ५५ हजारांच्या आसपास लोक होतात. हाही अंदाजच.

मग १३ लाखांपैकी पगार किती जणांना? इथे उत्तर ‘रेघ कुठे ओढली’ यावर आहे. गाठी बांधून ठेवा:

• ४० टक्क्यांच्या खाली: पगार नाही.
• ४० ते ७५ टक्के: कर्नाटकात महिना ८०० रुपये.
• ७५ टक्क्यांच्या वर: महिना १४०० रुपये.
• गंभीर बौद्धिक अपंगत्व: महिना २००० रुपये.
• ८० टक्के आणि वर: इथून पुढेच केंद्राचे पैसे लागतात.

म्हणजे ज्याचा एक पाय गुडघ्याखाली गेला आणि बोर्डाने ६० टक्के लिहिले, तो केंद्राच्या हिशेबात नाहीच. तो राज्याच्या हिशेबात आहे. आणि ज्याच्याकडे दाखलाच नाही, तो कुणाच्याच हिशेबात नाही. जनगणनेत माणूस तोंडी सांगतो, पगारात कागद बोलतो. १३ लाख आणि पगाराची यादी यांतली तफावत बरीचशी इथून येते.

आपल्या धंद्यात हे जास्त लागू आहे. थंड पाण्यात चाळीस वर्षं उभं राहून बोटं वाकडी झालेली, ऐकू कमी येणारे, एका डोळ्याने दिसत नसलेले आपल्यात कितीतरी आहेत. “वय झालं, दुसरं काय” म्हणून आपण सोडून देतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. बहिरेपण, अल्पदृष्टी, कुष्ठरोगातून बरे झालेले, पार्किन्सन, सिकलसेल, थॅलेसेमिया हे सगळे त्यात आहेत. टक्के ठरवायचे काम डॉक्टरांच्या बोर्डाचं. आपण घरी बसून “आपल्याला कुठं मिळणार” असं ठरवायचं नाही. त्यासाठी युडीआयडी कार्डाचा अर्ज ऑनलाइन करायचा आणि बोलावतील त्या तारखेला जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात जायचं.

५. सीमेवरचा घोळ: एक घर, दोन राज्यं

१९५६ च्या आधी आपण सगळे हैदराबाद राज्यात. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तेव्हा बीदर जिल्ह्याचेच तालुके होते. १ नोव्हेंबर १९५६ ला रेघ पडली. ते तालुके तिकडे गेले, भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद इकडे राहिले. सोयरीक मात्र तुटली नाही. एक बहीण भालकीत दिली, दुसरी उदगीरला, हे घरोघरी आहे.

आता दोघी म्हाताऱ्या झाल्या. भालकीतल्या बहिणीला ६५ नंतर १२०० रुपये. उदगीरच्या बहिणीला महाराष्ट्राच्या श्रावणबाळ किंवा संजय गांधी निराधार योजनेतून १५०० रुपये, ही रक्कम २०२३ पासून. महाराष्ट्राने २०२५ मध्ये दिव्यांगांची रक्कम २५०० केली. मग सणाला भेटल्या की चर्चा होतेच: “तुमच्याकडं जास्त हाय की गं.”

इथे दोन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. पहिली: पगार राहत्या राज्याचा. महाराष्ट्रात १५ वर्षांचं वास्तव्य मागतात आणि वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत लागतं. कर्नाटकात उत्पन्नाची मर्यादा ३२,००० आहे. दुसरी: दोन्हीकडे नाव घालायचा मोह नको. आधार एकच आहे, कधी ना कधी पकडलं जातं, पैसे परत भरावे लागतात आणि खरा हक्काचा पगारही अडकतो. मधला माणूस “तिकडूनही काढून देतो” म्हणाला तर त्याला घाटावरूनच परत पाठवा.

लग्न होऊन पलीकडून आलेल्या आयाबायांचा आणखी एक त्रास आहे. आधारवर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, बँकेत तिसरंच. त्यात एक कागद मराठीतून आलेला, दुसरा कन्नडमध्ये, तिसरा इंग्रजीत. ‘भोई’ कुठे ‘बोई’ होतो, ‘लक्ष्मीबाई’ची ‘लच्मव्वा’ होते. माणूस तोच, पण कॉम्प्युटरला तीन माणसं दिसतात. हे आधी नीट करा. आधारवर नाव आयुष्यात दोनदा आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, तेव्हा घाईने चुकीची तारीख टाकून बसू नका. ६६ वर्षांच्या माणसाचं आधारवर ५८ लिहिलं असेल तर संध्या सुरक्षा त्याच्यासाठी सात वर्षं लांब आहे.

६. सभासद झाले म्हणजे पगार लागला असं नाही

अटल पेन्शनचे सात कोटींहून जास्त सभासद झाले, असं ऐकून वाटतं सात कोटी लोकांना पेन्शन मिळते. तसं नाही. ही योजना २०१५ ला सुरू झाली, आत येण्याचं वय १८ ते ४०. जो ४० व्या वर्षी पहिल्याच वर्षात आला, तो ६० चा होणार २०३५ मध्ये. वयाप्रमाणे पेन्शन सुरू होणार तेव्हापासून. सध्या लोक भरतायत, घेत नाहीत.

प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन योजना २०१९ ची. तिच्यात मच्छीमार बसतात. महिन्याचं उत्पन्न १५,००० च्या आत, वय १८ ते ४०. अठराव्या वर्षी आला तर महिना ५५ रुपये, चाळिसाव्या वर्षी आला तर २०० रुपये. तेवढेच सरकार भरतं. ६० नंतर महिना ३००० रुपये. माणूस गेला तर नवरा किंवा बायकोला निम्मे. आजच्या म्हाताऱ्यांना याचा उपयोग नाही. पण जो पोरगा आज बापाची होडी चालवतो, त्याने हे ऐकावं.

आणि अपघात विम्याला पगार समजू नका. मत्स्यसंपदा योजनेतला सामूहिक अपघात विमा १८ ते ७० वयाच्या मच्छीमाराला आहे. मृत्यू किंवा पूर्ण कायमचं अपंगत्व आलं तर ५ लाख, कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर अडीच लाख, दवाखान्यासाठी २५ हजार. हप्ता केंद्र आणि राज्य भरतं, आपल्याला एक रुपयाही नाही. हे पैसे एकदाच मिळतात. महिन्याचा पगार वेगळा, त्याचा अर्जही वेगळा. होडीमालकांना विनंती: तुमच्या होडीवरच्या गड्याचं नाव या यादीत आहे का, हे पावसाआधी बघा. पाण्यात पडल्यावर नाव घालता येत नाही.

७. गृहपाठ: आपल्या सोसायटीचा आकडा

एक वही घ्या. कॉलेजात शिकणारी एक पोरगी आणि सगळी घरं माहीत असलेला एक जुना सभासद, अशी जोडी करा. प्रत्येक घरात पाच प्रश्न विचारायचे:

१. घरात ६० च्या वर कोण? ६५ च्या वर कोण? (आधारवरचं वय लिहा, आणि घरचे सांगतात ते वयही लिहा.)
२. विधवा किंवा सोडलेली बाई आहे का?
३. ऐकणं, दिसणं, चालणं, हात, डोकं, यात कुणाला अडचण आहे? दाखला आहे का? किती टक्के?
४. यातल्या कुणाचा पगार मंजूर आहे?
५. शेवटचे पैसे कुठल्या महिन्यात आले?

आता तीन आकडे मांडा. समजा तुमच्या सोसायटीच्या घरांत पात्र निघाले ४०, मंजूर २८, आणि गेल्या महिन्यात पैसे आले २१ जणांना. म्हणजे १२ जणांचा अर्जच नाही आणि ७ जणांचा पगार वाटेत अडकला. आता “सगळ्यांना मिळतो” आणि “कुणालाच मिळत नाही” हा वाद संपला. हाती आली १९ नावं. नावांचं काम करता येतं, वादाचं काही करता येत नाही.

अर्जच नसलेल्या १२ जणांसाठी: आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुक, फोटो, विधवेसाठी नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, अपंगासाठी युडीआयडी. अर्ज नाडकचेरीत किंवा ग्राम वन केंद्रात करायचा. पावती घेतल्याशिवाय उठायचं नाही.

पगार अडकलेल्या ७ जणांसाठी आधी बँकेत जा. आधार खात्याला नुसतं जोडलेलं असून भागत नाही. सरकारी पैसे ज्या खात्यात जातात त्या खात्याशी ते जोडलेलं हवं. बऱ्याच वेळा दुसऱ्याच बँकेत कधीतरी काढलेल्या खात्यात पैसे जाऊन पडलेले असतात आणि आजोबा इकडे सरकारला शिव्या घालत बसलेले असतात. ते ठीक असेल तर नाडकचेरीत चौकशी करा: पडताळणीत नाव थांबवलंय का, चुकून मयत दाखवलंय का. तालुक्याला पेन्शन अदालत भरते तेव्हा हीच वही घेऊन जा. एकेकट्याने गेलं तर “उद्या या” ऐकायला मिळतं. सात जण, सात पावत्या आणि सोसायटीचं पत्र घेऊन गेलं की साहेबाला बसून बघावं लागतं.

शेवटचं एक. नवी जनगणना २०२७ ची ठरली आहे. मोजणीचा माणूस दारात आला की घरातलं अपंगत्व लपवू नका. “लेकीच्या लग्नाला अडचण येईल” म्हणून पोराचं बहिरेपण, सासूचं आंधळेपण आपण झाकतो. जे मोजलं जात नाही त्याच्यासाठी पैसा ठेवला जात नाही. दिल्लीची मर्यादा एका जुन्या जनगणनेवर बांधली, त्याचा फटका आपण आजही खातोय.

बाराशे रुपये म्हणजे काही मोठी रक्कम नाही. पण ज्या आजीला गोळ्यांसाठी सुनेकडे हात पसरावा लागत नाही, तिला विचारा त्याची किंमत. या आठवड्यात वही सुरू करा, आणि पुढच्या मासिक सभेत प्रत्येक घाटाने आपले तीन आकडे सांगावेत. ज्यांना वाचता येत नाही त्यांना हा पाठ मोठ्याने वाचून दाखवा.